ईशान्य कोपरा

खोका उघडला तर निळं प्लास्टिक
घडीच्या सुरकुत्या न सोडता अंगणात पडून राहिलं
आणि मृण्मयी त्यावर अनवाणी,
तळवे भाजतात म्हणून एकदा हा पाय, एकदा तो.
बारा फूट व्यास. सात हजार लिटर.
पत्रकावर गोऱ्या पोरांचं ओलं हसू
आणि खाली बारीक अक्षरांत:
जमीन सपाट व भक्कम असावी.

भक्कम.
बेसा रोडच्या ह्या ले-आउटमध्ये
गटारलाइन येणार, येणार म्हणत तीन सरपंच होऊन गेले.
तोवर ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या अंगणाखाली.
आमचंही.
पण नेमकं कुठे?

नकाशा काढला. शिक्क्याचा, मंजूर, घडीवर फाटलेला.
वायव्येला चौकोन, आत लिहिलेलं 'से. टँक'.
तिथे पहार मारली.
ठण्ण.
पुन्हा मारली, ठिणगी उडाली.
काळा दगड. टाकीबिकी काही नाही.

अडीच वाजता, पंचेचाळीस डिग्रीत, बारापात्रे आला,
डोक्याला दुपट्टा, मागे घुरघुरणारा उपशाचा टँकर.
समोरून पिण्याच्या पाण्याचा टँकर,
दोघे गल्लीत एकमेकांना वाट देईनात.
"काहून हो, नकाशा पाहून राहिले?
नकाशा हाफिसासाठी असते साहेब, टाकी आपल्यासाठी."

तो चालला लोखंडी सळई टेकवत, कान खाली,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसा.
लिंबाजवळ नाही.
स्कूटरखाली नाही.
ईशान्येला थांबला. पुन्हा वाजवलं.
"हे पाहा. पोकळ."
तुळशीच्या ओट्यापासून सळई वीतभर.

कूलरचा पंखा तेवढा फिरत होता.

झनकलाल मिस्त्री, बालाघाटचा.
वायव्येला दगड लागला तेव्हा
त्याने बिडी पेटवली असेल, चार पावलं चालून
मऊ माती पाहिली असेल, खणलं असेल,
फरशी टाकून, माती लोटून, मजुरी घेऊन
दिवाळीला गावी गेला, तो गेलाच.
वरचा ओटा मात्र आम्हीच बांधला.
वास्तुवाले म्हणाले होते, ईशान्य देवाची.
बावीस वर्षं दिवा लागला तिथे.
बावीस वर्षं तुळस अशी दाट
की बोकडेबाई रोपं मागून न्यायच्या,
आणि आई म्हणायची, श्रद्धा लागते.

बारापात्रे हसला नाही.
चुन्याची फक्की घेतली, रेघ ओढली
टाकीभोवती, शोषखड्ड्याभोवती,
मग पाइपावरून थेट न्हाणीपर्यंत.
"एवढ्यात वजन नोको. सात टन म्हंजे दोन हत्ती,
तेही जेवलेले. फरशी बसली तं पोरगी आत जाईन.
अन् हौदातलं औषधाचं पाणी इकडे सोडू नका,
खालचे जंतू मरतेत.
तेच तं काम करून राहिले बिचारे, बिनपगारी."

उरली वायव्य.
दगडाने टाकीला नाही म्हटलं होतं.
आम्ही त्यावर वाळू पसरली, नळीत पाणी धरून पातळी पाहिली,
विशाखाने खडे वेचले, एकूणएक,
तांदूळ निवडावेत तसे.
दोन हत्ती तो मुकाट घेऊन बसला.

रात्री नऊला जमीन अजून धग सोडते.
मृण्मयी उताणी तरंगते,
सोनेगावकडे उतरणारं विमान तिच्या पोटावरून जातं.
मी काठाला रेलून:
हे पाणी हप्त्यांवरचं, निळं, पाहुण्यांना दाखवायचं,
आणि वीस पावलांवर ते दुसरं,
आमचं बावीस वर्षांचं खाल्लेलं-प्यालेलं,
आजारपणं, लग्नाच्या पंगती, बाबांचे शेवटचे महिने,
सगळं एकत्र, अंधारात, हळूहळू पाणी होत असलेलं.

सकाळी आई ओट्यापाशी गेली.
चुन्याची रेघ ओलांडताना पदर सावरला.
पानाकडे गेलेला हात तिथेच थांबला,
टिटवी ओरडत पार पलीकडे जाईपर्यंत.
मग तोडली. चार पानं,
नेहमीपेक्षा दोन जास्त.
धुतली मात्र तीनदा.

चहा बरा झाला होता.
साखर थोडी कमी.